पहिल्या नंबरचा मान

भाचीच्या इंजिनीयरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आम्ही चार जण बाभुळगावच्या नेट कॅफेत गेलो. त्यांतल्या तिघांना इंजिनीयरिंग म्हणजे काय हे धड सांगता आलं नसतं, आणि चौथीला कोणी विचारत नव्हतं. चौथी म्हणजे खुद्द भाची.

फॉर्ममध्ये ब्रँचची यादी द्यायची असते, पसंतीच्या क्रमाने. भाचीला इलेक्ट्रिकल हवं होतं. बारावीच्या सुट्टीत शेतातल्या मोटारीचा स्टार्टर जळाला. मिस्त्री चार दिवस फिरकला नाही, तेव्हा हिने मोबाइलवर बघून तो स्वतःच दुरुस्त केला. त्या दिवसापासून तिचं ठरलं होतं.

पण ठरवणारे आम्ही होतो ना. तिचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. ते म्हणाले, “आपण कापूस पिकवतो न् कापड दुसराच इणते. पोरीनं टेक्स्टाइल केलं पाह्यजे.” वडील म्हणाले, “कम्प्युटर. बाकी मले काही समजत नाही.” मी मेकॅनिकल सुचवलं. कारण काही नव्हतं. इतका वेळ गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी स्वतः कॉमर्स घेतलं ते ज्याच्या स्कूटरवर बसून कॉलेजला जायचो त्याने कॉमर्स घेतलं म्हणून. असा अनुभवी माणूस सल्ला देणार नाही तर कोण देणार?

वाद वाढला तेव्हा मीच तोडगा काढला. “यादीच तं आहे. लग्नात देतो तसा मान देऊन टाकू. पहिला नंबर मोठ्याबाबांचा, दुसरा बापाचा, तिसरा मामाचा. मंग पोरीचं.” सगळे खूश झाले. भाची माझ्याकडे अशी बघत होती, की मी नजर पंख्याकडे वळवली.

कॅफेवाल्याने यादी टाइप केली, मोठ्याने वाचली आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी थांबला. “काका, पहिल्या नंबरचं भेटलं तं तेच घ्या लागते बरं. पुढच्या फेरीत बसू देत नाही. न् टेक्स्टाइल तं भेटूनच राह्यलं, तिथं सीटा खाली राह्यतात.”

आता आली का पंचाईत. दिलेला मान परत मागायचा कोणी? आमच्या एका सोयऱ्याला लग्नात मानाचा टोपी-दुपट्टा द्यायचा राहून गेला, तर तो आजही आमच्या दारावरून तोंड फिरवून जातो. वडील चप्पल शोधू लागले, जी त्यांच्या पायातच होती. मोठेबाबा ताठ बसून होते. एक मुलगी चार वर्षं सूत मोजणार होती, कारण तीन शहाण्या पुरुषांना रुसवे-फुगवे नको होते.

भाचीने खुर्ची मोठ्याबाबांकडे सरकवली.

“मोठेबाबा, लग्नात पहिल्या पंगतीत कोण बसते?”

“पाव्हणे.”

“न् घरचे?”

“घरचे शेवटी. सगळ्यायचं झाल्यावर.”

“मंग तुम्ही पाव्हणे आहा का घरचे?”

आपण पकडले गेलो हे मोठ्याबाबांना कळलं होतं, पण पकडणारी आपल्याच घरची आहे याचा थोडा अभिमानही मिशीखाली हलत होता.

“लिही मंग मले शेवटी,” ते कॅफेवाल्याला म्हणाले. “पोरीचं घे वर.” मग त्यांची नजर माझ्यावर आली. “न् या मामाले तिसऱ्या नंबरावर कायले बसवलं? हा पाव्हणा हाये का?”

“नाही,” भाची म्हणाली. “ते तं लयच घरचे हायेत.”

मेकॅनिकल टेक्स्टाइलच्याही खाली गेलं. वडिलांनी आपलं कम्प्युटर मुकाट्याने स्वतःच खाली सरकवायला सांगितलं. भाचीच्या फोनवर ओटीपी आला आणि तो तिने कोणालाही न दाखवता टाकला.

इलेक्ट्रिकल मिळालं, अमरावतीला. मोठेबाबा आता गावभर सांगतात, “मीच म्हटलं पोरीले, मोटारीत हात बसला तुहा, तेच घे.” भाची ऐकते आणि मान हलवते. मला मात्र तिने फोनवर स्पष्ट बजावलं आहे, “मामाजी, होस्टेल पाहाले या, पण खोली मीच निवडीन. तुम्ही खाली चहा प्या.”