जवळा माझा होता

मॅडमनं जवळ्याची ताटली माझ्याबरोबर घरकाम करणाऱ्या यातीच्या डोक्यावर उपडी केली. बैठकीत मैत्रिणी कॉफी पीत बसलेल्या, त्यांच्यासमोर. यातीच्या केसांतून कांदा गळत होता. एक बाई नाक दाबून बोलली, "ह्यांना समुद्रात बुडवलं तरी वास जायचा नाही." सगळ्या हसल्या. मीपण हसले. खोटं कशाला सांगू.

जवळा माझा होता. आईनं कपड्यांत गुंडाळून दिलेला, दापोलीहून जेद्दाला आणलेला. यातीला दोन दिवस ताप, तोंडाला चव नाही, म्हणाली आमच्या इंडोनेशियातपण सुकी कोळंबी खातात. मी आठ महिन्यांची पोर आईकडे टाकून आले, छाती दुधानं दगड झाली, तेव्हा हिनंच शेकून दिली, अरबी हिनंच शिकवली. म्हटलं मॅडम बाहेर गेलीय, पटकन कांदा-मिरचीवर परतते. आमच्या गावी वास कौलांतून वर जातो. इथं एसीनं तो खोलीखोलीत नेला. आणि मॅडम मैत्रिणींना घेऊन लवकर आली.

"मीन?" म्हणजे कोण.

माझं वय एजंटनं पासपोर्टवर वाढवून लिहिलेलं, नाहीतर इथं कामाला येता आलं नसतं. वाटलं, आता चौकशी होऊन सगळं बाहेर येणार, मला परत धाडणार. मी यातीकडे बोट केलं. आपोआप नाही गेलं. मी केलं.

यातीनं माझं नाव घेतलं नाही. मॅडमनं तिचा फोन काढून घेतला. दर शुक्रवारी ती मुलाशी बोलायची, ते खलास.

मोरीत तिचे केस धुताना मी रडले. ती म्हणाली, "रडू नको. तुझी लहान आहे. माझा बारा वर्षांचा, त्याला समजतं."

शुक्रवार आला. मॅडम मला म्हणाली, "तू साफ मुलगी. जा, बोल घरी." फोनवर पोर हसत होती. मागे याती पाठ करून पातेली घासायला उभी होती. हात थांबले होते, नळ चालू होता.

मी फोन कापला. मॅडमसमोर गेले.

"मी केलं. याती नाही."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले."

"मग तुझाही फोन खलास."

याती मला म्हणाली, "वेडी आहेस." पुढं दोन दिवस बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

पोर आता बोलायला लागली असेल. पहिला शब्द मी ऐकला नाही. भीती अजून आहे. तरी रोज सकाळी कॉफी ठेवते आणि मॅडमसमोरून हलत नाही. फोन मागते. आधी यातीचा. तिचा दिल्याशिवाय माझा दिला, तर घेणार नाही.