हलू नका, सरकार

“हलू नका, सरकार.” एवढं म्हणून मामा हसायचे. हसले की वरचे चार सोन्याचे दात एकदम चमकायचे, आणि पाटावर मान वर करून बसलेला देशमुख डोळे गच्च मिटून घ्यायचा. मामांच्या हातात तेव्हा वस्तरा असायचा.

मामा म्हणजे वालूरजवळच्या आमच्या गावचे न्हावी. अख्खं गाव त्यांना मामाच म्हणे. देवमाणूस वगैरे नव्हते हो. मनात धरलं की धरलं. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, पण मामांसारखा डूख धरणारा नाही.

झालं ते माझ्या लग्नात. नवरदेवाची दाढी, म्हणजे माझी, करण्यात मामा गुंतले आणि देशमुखाच्या गढीवर जायला उशीर झाला. त्या मस्तवालानं चांदीच्या मुठीची काठी सरळ तोंडावर हाणली. वरचे समोरचे दोन दात पडले. दाद कुठं मागायची? निजामाचा अमीन, म्हणजे फौजदार, गढीवरच जेवायला उतरायचा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मामांनी रक्त पुसलं आणि तसंच देशमुखाची दाढी करून आले.

मग मामींची बोरमाळ घेऊन त्यांनी परभणी गाठली. हैदराबादेहून शिकून आलेला एक दातांचा डॉक्टर तिथं बसायचा. त्यानं खिंडाराच्या दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक केले, त्यांवर सोन्याच्या टोप्या चढवल्या आणि मधले दोन दात त्यांनाच जोडून टाकले. ह्याला पूल म्हणतात. मधले पांढरे बसवतो म्हणाला डॉक्टर, तर मामा म्हणाले, “न्हाई. सोन्याचेच बसवा. दिसाया पायजेत.”

दर बुधवारी, देशमुखाच्या दाढीच्या दिवशी, ते दिसायचे. एकदा न राहवून मी विचारलं, “मामा, हातात वस्तरा असतो. एवढा राग गिळता कसा?”

“मास्तर, गळा कापला तर एकदाच मरंल की वो. मला दर बुधवारी मारायचाय.”

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

दुसरा न्हावी आणायची सोय नव्हती. काम वतनाचं, बाहेरचा कुणी मामांच्या गावात वस्तरा उघडणार नाही. आणि न्हाव्याला भ्यालो, हे देशमुखानं कुठल्या तोंडानं सांगावं? शेवटी त्यानं दाढीच वाढवली. नवस आहे म्हणाला. लोक पाठीमागं खी खी हसायचे. मामा मात्र चडफडले. “सुटला, मास्तर. सुटला लेकाचा.”

पुढं देशमुखाची आई वारली. दहाव्याला दुधना नदीच्या काठी डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायला तो बसला, मामांच्याच पुढ्यात. गाव गोळा झालेलं. मीही घुसून अगदी पुढं उभा राहिलो. मामांनी वस्तरा चामड्यावर घासला, वाकले आणि हसले.

“हलू नका, सरकार.”

देशमुख काहीतरी पुटपुटला.

“काय म्हन्लात? नदीचं पानी वाजायलंय, ऐकू येईना.”

“चुकलं माझं,” देशमुख मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

“बरं,” म्हणून मामांनी त्याची मिशी उतरवली.

परत येताना मी म्हणालो, “झालं ना आता समाधान?”

“चुकलं म्हनल्यानं दात उगवतेत व्हय, मास्तर?”

थोड्याच वर्षांत देशमुख मेला. मला वाटलं, मामा गूळ वाटतील. पण बुधवार आला की ते वस्तऱ्याची धोकटी घेऊन ओट्यावर नुसते बसून राहायचे. जेवण तुटलं, अंग वाळत गेलं. त्यांच्याकडं पाहून मला गलबलून यायचं.

रझाकारांच्या धामधुमीत मामाही तापानं गेले. तोंडात घालायला तुळशीपान सापडलं; सोन्याचा कण कुठून आणायचा? बोरमाळ तर आधीच त्यांच्या तोंडात होती. त्यांचे ओठ मिटवायला मी हात पुढं केला.

“नका मिटू, मास्तर,” मामी म्हणाल्या. “सांगून गेलेत. वर त्यो भेटनार हाय.”