अण्णांची गाणी आपोआप यायची
कॉम्प्युटर तापल्याचा वास आला, की मला तो दिवस आठवतो. कळंबातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानातला डबा असा तापायचा, की त्यावर अख्ख्या तालुक्याच्या भाकरी भाजल्या असत्या! वडील येडशीहून संबळावरची गोंधळाची गाणी इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर टाकायचे, आणि मी महिन्याचे पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर ती आपोआप कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं. त्या दिवशी ते दुकानात आले. "कालचं ऐकलं का रं?" "व्हय अण्णा, धा येळा! समोरचा चहावाला रडला." "मग माझा आवाज कुठं फाटला, सांग की." मी घाईनं माऊस धरून ती फाइल शोधू लागलो. "म्हंजी मशीनच ऐकतंय व्हय," म्हणत ते हसले नि उठले. त्यानंतर त्यांनी गाणं टाकलं नाही. सॉफ्टवेअर अजून रोज नवं गाणं शोधतं. उतरलेली गाणी तशीच पडलीत. त्यातलं एकही मी ऐकलेलं नाही.