तेरेझिया आजी आणि अकरा घरांचा फोन

तेरेझिया आजी जर्मनीहून अमेरिकेत, आमच्या आयोवात आली ती नवी नवरी म्हणून, आणि सत्तरी उलटली तरी तिला इंग्रजी आलं ते अंडी विकण्यापुरतं. त्यावाचून तिचं काही अडलं नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यात माझीही तीन. जन्माला यायला भाषा थोडीच लागते.

मग जर्मनीशी लढाई जुंपली, आणि १९१८च्या मे महिन्यात गव्हर्नरसाहेबांनी फर्मान काढलं: शाळेत, चर्चमध्ये, चारचौघांत, अगदी फोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोलायचं. दुसरी भाषा बोलताना सापडलात की गावच्या युद्धसमितीपुढे उभं राहायचं. या समितीत आमच्या प्रुडन्स टटलबाई. बाई मोठ्या कामाच्या, ते कोण नाकारतंय? गावातला गुत्ता त्यांनीच बंद पाडला, बायकांना मत मिळावं म्हणून चिखल तुडवत दारोदार सह्या मागितल्या. आजीने मात्र सही दिली नव्हती. "आधी माझी बिअर बंद केली, आता तोंड," असं फर्मान निघाल्यावर ती म्हणाली, हे तिच्या लेकीनेच, मेटाने, आम्हाला हसत हसत सांगितलं.

मेटाला नदीपलीकडच्या मळ्यावर दिलेली. रोज दुपारी मायलेकी फोनवर तासभर जर्मनमध्ये बोलायच्या. आमची अकरा घरं एकाच तारेवर. कुणाचीही घंटी सगळ्यांकडे वाजते, आणि रिसीव्हर हलकेच उचलून ऐकणं हा तर आमचा धर्मच म्हणा ना. मला एक अक्षर कळायचं नाही, तरी ऐकायचे. फर्मान निघाल्यापासून मात्र मेटा इंग्रजीत बोले आणि आजी नुसतं "येस, येस" करी. जिवाला लागायचं ते.

जूनमध्ये पुराने पूल वाहून गेला, आणि त्याच दुपारी आजीची घंटी वाजली, एक लांब, दोन आखूड. पिठाचे हात न झाडताच मी रिसीव्हर उचलला. पलीकडे जावई डीडरिक, रडवेला झालेला. मेटा दिवस भरायच्या महिनाभर आधीच बाळंत झाली होती. पोर निळं पडलंय, रडत नाही, डॉक्टर फौजेत गेलेला, मी काय करू, असं तो फर्मानाच्या भीतीने इंग्रजीतच विचारत होता.

आजीच्या तोंडून नुसतं "येस, येस". घाबरली होती हो बिचारी. तारेवर कोण कोण कान लावून आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. मग एकदम ती जर्मनमध्ये भराभरा सांगायला लागली. पण डीडरिक आपला म्हणतोय, "आई, ऐकू येत नाही. मोठ्याने बोला." येणार कसं ऐकू? जितके जण रिसीव्हर उचलतात तितका आवाज खोल जातो, आणि आम्ही सगळ्या जणी तर फोनला चिकटून बसलेल्या.

तेवढ्यात टटलबाईंचा खणखणीत आवाज आला. संपलं, म्हटलं मी.

"फोन खाली ठेवा सगळ्यांनी. आजींचा आवाज पोचत नाहीये. ल्युएला, तूसुद्धा. मीही ठेवतेय."

ल्युएला म्हणजे मीच. टक्, टक्, टक् करत रिसीव्हर खाली गेले. जन्मात पहिल्यांदा मी गोष्ट अर्धी सोडून फोन ठेवला. भिंतीवरच्या त्या पेटीकडे बघत बसले, भट्टीत पाव करपला तरी उठले नाही. देवाला म्हटलं, एवढं पोर वाचव, पुन्हा कुणाचं चोरून ऐकणार नाही. तेव्हा अगदी मनापासून म्हटलं होतं.

मग घंटी वाजली. एकसारखी, थांबेचना, कुठे आग लागली की सगळ्यांना बोलवायला वाजवतात तशी. मी उचलला. आणि मग पोराने असा टाहो फोडला की माझा कान बधिर व्हायची वेळ आली. पिठाच्या हातांनीच मी डोळे पुसले. काय हायसं वाटलं म्हणून सांगू.

आजी हुंदके देत जर्मनमध्ये काहीबाही बोलत होती. आम्ही सगळ्या ऐकतोय हे ध्यानात आलं तशी दचकून थांबली.

"बोला आजी," टटलबाई म्हणाल्या. "पोर तरी कुठे इंग्रजीत रडतंय?"

जावयाने तिला हे जर्मनमध्ये समजावलं. मग आजी तासभर बोलली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, आणि एकीनेही फोन ठेवला नाही.