तीन नवऱ्यांच्या बाईची ओटी

तिचे तीन नवरे होते. तेव्हा तिघंही जिवंत. जवळ एकही नाही.

आज ती गेली. तिकडे, अमेरिकेत. वय शंभरीला टेकलं होतं.

बातमीत सिनेमे थोडे आणि नवरे जास्त आहेत. फोटो मात्र सुंदर आहे.

तिचं नाव माझ्या आत्याला कधी उच्चारता आलं नाही. आत्या म्हणायची, म्याडम. मीही मॅडमच म्हणतो.

पन्नासच्या दशकात कधीतरी हॉलिवूडचं एक युनिट चाकणला शूटिंगला आलं होतं. किल्ल्याच्या पडक्या तटाशी. तेव्हा इथे कंपन्या नव्हत्या. कांदा होता, आणि नाशिकला जाणारा रस्ता.

मॅडम त्यातली हिरॉइन. तिचा मुक्काम डाकबंगल्यात. हाताखाली एक बाई हवी होती, म्हणून कुरुळीहून आत्या जायला लागली.

आत्याला नवऱ्याने टाकलं होतं. तो मंचरला दुसरीबरोबर मजेत होता.

तो जिवंत, म्हणून हिच्या कपाळाला कुंकू. पण ही नांदत नाही, म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. ओटी तर नाहीच. घरात बायका जमल्या की ही मागच्या दारी भांडी घासायची.

मी तेव्हा जन्मलो नव्हतो. हे सगळं आत्याकडून आणि आईकडून ऐकलेलं.

मॅडम स्वतःचे मोजे स्वतः धुवायची. आत्याने बादलीला हात लावला की हातावर चापटी.

सुट्टीच्या दिवशी खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

पुरुषासारखी पँट घालून अनवाणी हिंडायची. मेकअप उतरवला की युनिटची माणसंही तिला चटकन ओळखत नसत. याचा तिला कोण आनंद.

आणि कांदा.

हिरोशी तिचं पटत नव्हतं. ज्या दिवशी त्याच्या मिठीत शिरायचा शॉट, त्या सकाळी ती खायला कच्चा कांदा मागायची. आत्या घरून पदरात बांधून न्यायची. तिखटातला तिखट बघून.

"त्याच्या डोळ्यात पानी यायचं," आत्या सांगायची, "आन लोकान्ला वाटायचं पिरेम."

एकदा तिने दुभाष्याकरवी आत्याला विचारलं, नवरा कुठे असतो?

आत्याने सांगितलं.

मॅडमने स्वतःकडे बोट केलं. मग तीन बोटं वर केली.

दोघी हसत सुटल्या. टाकल्यापासून आत्या त्या विषयावर पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

शूटिंग संपलं. निघायच्या आधी मॅडम जीपने कुरुळीला, आत्याच्या घरी आली. युनिटमध्ये ती कुणासमोर जेवत नसे. इथे घोंगडीवर मांडी घालून बसली आणि पिठलं-भाकरी जेवली.

घरी आलेली बाई रिकामी पाठवायची नाही. थोरली, म्हणजे माझी चुलत आजी, सूप घेऊन उठली. सुपात तांदूळ, नारळ, खण. बायकांच्या गोष्टींत तिचा शब्द शेवटचा.

ती थबकली. दुभाष्याला म्हणाली, "हिला नवरा हाय का?"

"तीन होते."

"मेले?"

"नाही हो. तिघंही धडधाकट आहेत. फारकत झालीय."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"कुनी कुनाला सोडलं?"

दुभाष्याने विचारून घेतलं. "दोघांना हिने. एकाने हिला."

"पर जिते हायत ना? मग सवाष्ण," थोरली म्हणाली. "तीन डाव सवाष्ण. ऊठ बाई."

मॅडम उठली.

पण ओटी घेणार कशात? अंगात पँट. पदर कुठून आणायचा?

शेजारी आत्या उभी होती. मॅडमने तिचा पदर ओढला, दोन्ही हातांनी आपल्यापुढे पसरला आणि सुपाकडे बघत उभी राहिली.

सूप तिथंच थांबलं.

हसणंही.

"तिचा नगं," थोरली हळूच म्हणाली. "सोड म्हनावं."

आत्या पदर मागे घ्यायला लागली. मॅडमने सोडला नाही. दुभाषी काही सांगायला गेला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिला किती कळलं होतं, कुणाला माहीत.

तेव्हा दाराआडून माझी आई बोलली.

आई नवी सून होती. थोरलीसमोर तिने तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"हिचं तीन सोडल्यालं चालत्यात," आई म्हणाली, "मग वन्संचा एक का न्हाई चालत?"



थोरलीने आईकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. मग मॅडमच्या पसरलेल्या हातांकडे.

"व्हय की," ती म्हणाली.

आणि सूप रिकामं केलं. आत्याच्या पदरात.

नारळ मॅडम घेऊन गेली. तांदूळ आणि खण आत्याकडे राहिले. खणाची चोळी आत्याने विरेपर्यंत घातली.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. सांगायला थोरली स्वतः मागच्या दारी गेली होती.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते, पिंपळे गुरवला. दुपारी तिला बातमी सांगितली.

"कुठली? कांदेवाली?"

"हो."



"तिची ओटी राह्यलीच की रं. सगळी वन्संच्या पदरात गेली."

मग म्हणाली, "नवऱ्यांतलं कुनी हाय का?"

"नाही. तिघंही गेले. कधीच."

"माझा तरी कुठं हाय," आई म्हणाली. "जा, तांदूळ घिऊन ये."

मोबाइलवर मॅडमचा फोटो उघडून टेबलावर ठेवला. आईने पुढे मूठभर तांदूळ ठेवले. नारळ घरात होता. नवा खण नव्हता, तर आईने स्वतःच्या पेटीतला काढला.

मॅडम, या आता.

ओटी भरली आहे.