कोणी न झेललेलं गाणं

बायनाबाईनं गाण्याची पहिली ओळ टाकली, पण ती कोणी झेलली नाही.

धानाच्या बांधीभर बाया वाकलेल्या होत्या. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, चिखलात रोवले जात होते, हात चालू होते आणि तोंडं बंद. ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं तीच ओळ पुन्हा टाकली, जरा चढ्या आवाजात. उत्तरादाखल नुसते चिखलातून पाय ओढल्याचे आवाज आले. शेवटी बाजूची नंदिनी मान वर न करताच म्हणाली, "मोबाईल नाई पाह्यला काय तू, बाई?"

कुठून पाहणार? बायनाबाईचा मोबाईल बटनाचा, लेकीशी बोलण्यापुरता. लेक खुशबू चंद्रपूरला कॉलेजात शिकते. काल संध्याकाळी तिचाच फोन आला होता. कॉलेजात स्पर्धा होती. आपली गोष्ट सांगायची. गाऊन सांगा, नाचून सांगा, चित्र काढून सांगा. "माय, माहा पहिला नंबर आला," खुशबू म्हणाली, "तुयाच गान्यानं आला." आता आईच्या कानावर असं काही पडलं की आई काय करणार? हिनं आळीत साखर वाटली. कोणतं गाणं, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवं. वैनगंगेकाठच्या या गावात रोवणीचं गाणं काढावं तर बायनाबाईनं. चौदा एप्रिलला विहारात भीमगीतं म्हणायची तीच आणि चिखलात उतरल्यावर बायांना हसवून हसवून पोट दुखवायची तीच. नवरा लवकर गेला. पोरगी हिनं रोवणी, कापणी, तेंदूपत्ता करून वाढवली. डोळ्यांतून पाणी काढायची तिला सवय नाही. जे दुखेल त्याचं ती गाणं करते. सासूचं केलं, सरपंचाचं केलं, स्वतःच्या रंडकेपणाचंही केलं. आणि कोणी रागावलं नाही, कारण त्या गावच्या बायांचा एक कायदा आहे: रोवणीतलं गाणं धुऱ्यावर चढत नाही. चिखलात उभं राहून कोणाचंही नाव घ्या, काहीही बोला. पाय धुऊन शेताच्या बांधावर, त्या धुऱ्यावर, आलं की ते कोणी बोललं नाही आणि कोणी ऐकलं नाही. या कायद्याच्या भरवशावर त्या बांधीत किती घरांची झाकणं उघडली असतील, देव जाणे.

खुशबू लहानपणी त्याच धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या मोजायची. गाणी तिनं ऐकली. कायदा तिला कोणी सांगितला नाही.

"कोनतं गानं म्हनलं पोरीनं?" बायनाबाईनं विचारलं.

"मार्कंड्याचं," नंदिनी म्हणाली. "जुन्या लुगड्यावर जत्रा रंगवली हाये. नदीतले डोंगे, देऊळ, दवाखाना, सारं. त्याच्यापुढं उभी राहून गाते, मंग बोलून दाखवते. तुया राजदीपनं सकाळी गावच्या ग्रुपवर टाकलं. गावची लेक म्हनून."

राजदीप म्हणजे तिचा दीर. बिचाऱ्यानं कौतुकानंच टाकलं असणार. बायनाबाईनं मान वळवून पाहिलं. बांधीच्या पार त्या टोकाला गुणाबाई रोवत होती. तिची पाठ तेवढी दिसत होती.

ते गाणं असं होतं:

*मार्कंड्याच्या जत्रेले दोघी गेलो बाई,*
*गर्दी मोठी देवळात, देव पाह्यला नाई.*
*दवाखान्याच्या पायरीवर बसलो दोघी बाई,*
*काय आनला परसाद, कोनी पुसलं नाई.*

त्या दोघींतली दुसरी म्हणजे गुणाबाई. दोन पोरी झाल्या, तिसरं लेकरू बाळंतपणातच गेलं आणि तीही जाता जाता वाचली. घरात मात्र पोराचा धोशा सुरूच. मग सात-आठ वर्षांपूर्वी मार्कंड्याच्या महादेवाच्या शिवरात्रीच्या जत्रेचं निमित्त करून बायनाबाई तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि गुणाबाईनं मूल राहू नये म्हणून तांबी बसवून घेतली. बौद्धाची बाई महादेवाला निघाली म्हणून गावानं बायनाबाईची टिंगलही केली होती. गुणाबाईचा नवरा प्रफुल गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. तो आजतागायत नवस करतो, उपास धरतो, बायकोला वैदूकडे नेतो. रोवणीतल्या साऱ्या बायांना ठाऊक. नाही ठाऊक ते एकट्या त्याला.

खुशबूनं गुणाबाईचं नाव बदललं होतं म्हणे. अरे, नाव बदलल्यानं गाव फसतं काय? मार्कंडा तोच, दोन पोरी त्याच, आणि सोबत नेणारी बायना नावानिशी.

"प्रफुलभाऊ कई येते?" बायनाबाईनं हळूच विचारलं.

"आजच. रोवनीसाठी सुटी काढून. दुपारच्या गाडीनं."

म्हणजे तो या घडीला गाडीत बसलेला, हातात मोबाईल. रस्ताभर त्याला दुसरं काम काय? बायनाबाई पेंडी तिथंच टाकून पोटऱ्याभर चिखल तुडवत गुणाबाईपाशी गेली.

"गुने, माह्या घरी चाल. थो आला तं मी म्हनतो, थे बाई मीच होती. माही गोठ पोरीनं दुसरीच्या नावावर लावली म्हनतो."

गुणाबाईनं वर पाहिलं. रडून झालेला चेहरा होता तो. "नवरा मरून किती वर्सं झाले तुया? तुले तांबी कायले लागत होती म्हनीन गाव. मंग?"

"म्हनू दे. माह्यं काय जाते?"

"नाई." गुणाबाई पुन्हा वाकली. "माही गोठ तू एकडाव नेली. आता पुना नको नेऊ."

गोष्ट नेल्याचं हे वाक्य बायनाबाईला जे लागलं ते थेट आत. ती तिथंच शेजारी रोवू लागली. ओळी वाकड्या पडत होत्या. एरवी गाण्यावर हात चालायचे. आज ती बांधी मुकी होती, आणि मुक्या बांधीत दिवस हलत नाही. रस्त्याकडून गाडीचा आवाज आला की सगळ्या पाठी एकदम ताठ व्हायच्या. एकदा ट्रॅक्टर निघाला, एकदा वनखात्याची जीप.

प्रफुल आला तो घरी न जाता थेट शेतावर. खांद्यावर बॅग, पायात कारखान्याचे जाड बूट. धुऱ्यावर उभा राहिला. हा माणूस हात उचलणारा आहे, हे साऱ्या बांधीला माहीत होतं. नंदिनीनं हातातली पेंडी सोडून दिली आणि ती दोन पावलं गुणाबाईकडे सरकली. आणखी दोघी सरकल्या.

"भाऊ," बायनाबाई पुढे झाली, "पोरीची चूक हाये. मी..."

"तुले नाई पुसत मी." त्याचा आवाज बसलेला होता. तो बायकोकडे पाहत होता. "मी अनवानी गेलो वो मार्कंड्याले. दर साली. अन् तुमी सगळ्या इथी हसत होत्या?"

मारायलाच येईल असं सगळ्यांनी धरलेलं. हे कोणी धरलं नव्हतं. गुणाबाई चिखलातून निघाली आणि पाय न धुताच धुऱ्यावर चढली. नवऱ्याच्या समोर, हाताच्या अंतरावर.

"ह्या हसत होत्या," ती म्हणाली. "मी नाई हसली. थे गानं मी एकडाव बी नाई झेललं, पुसा कोनाले बी. त्या दिसी मले मरनाचं भेव वाटत होतं. सुईचं नाई, तुमचं. ही बाहेर पायरीवर बसून होती, आत मी एकटी होती. आनखी एक लेकरू झालं असतं तं मी मेली असती, डॉक्टरीन बाईनं तसं सांगितलं होतं. पोरी कोनाच्या भरवशावर टाकू? तुमी तं आईच्या शब्दाबाहेर नाई."

"मले सांगाचं होतं."

"सांगितलं होतं. बाळंतपनाच्या दवाखान्यातून आली तईच सांगितलं, का डॉक्टरीन बाई नाई म्हनते. तुमी ताट फेकलं."

प्रफुलला ते ताट आठवलं असावं. बॅग खांद्यावर सारखी करून तो गावाच्या वाटेला लागला. घरी जाऊन काय करेल, कोणास ठाऊक. गुणाबाई त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी होती.

बायनाबाई मात्र दुसऱ्याच विचारात अडकली होती. इतकी वर्षं ते गाणं म्हटलं, बांधी हसवली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही की त्या टोकाला एक तोंड बंद आहे. लाजत असेल, एवढंच तिला वाटलं होतं. आपण सोबत नेलं, आपण पायरीवर बसलो. म्हणजे गोष्ट आपली, असं धरूनच चाललो आपण.

"गुने," ती म्हणाली, "चुकली माही."

"चुकलीच. अजून माफ नाई केलं मी तुले." गुणाबाईनं हात पुढे केला. "खुशबूले फोन लाव."

पोरीला आता शिव्या बसणार, बसायलाच हव्यात, असं म्हणून बायनाबाईनं शिदोरीच्या टोपलीतून मोबाईल काढला, चिखलाच्या बोटांनी बटनं दाबली आणि दिला. पलीकडून खुशबूनं आनंदानं "माय" म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"माय नोहो, गुनाबाई बोलतो," ती म्हणाली. "पोरी, तू सांगितली थे गोठ तुया मायची होती. माही येगळी हाये. संध्याकाळी मी सांगतो, तू आयक. चित्रात दवाखान्याच्या आत कोनीच नाई म्हनते नंदिनी. तिथी मले काढ. अन् नाव काऊन बदललं वो माह्यं? माह्यंच घाल."