कक्कांची लाल माती

झाशीच्या सीपरी बाजारात एक म्हातारा हातगाडीवर कुंड्यांसाठी माती विकायचा. टहरौलीजवळच्या आपल्या शेतातूनच ती आणायचा. नाव मी कधी विचारलं नाही; सगळे कक्का म्हणायचे, मीही म्हणायचे.

नवऱ्याची बदली झाशीला झाली आणि क्वार्टरच्या गच्चीवर भुईमूग लावायचं माझ्या डोक्यात आलं. मी साताऱ्याची, काळ्या रानात वाढलेली. ऐटीत म्हटलं, "कक्का, काली मिट्टी दीजिए. सबसे अच्छी वाली."

कशासाठी, त्यांनी विचारलं. भुईमूग ऐकून ते हसले. एका हातात काळी माती घेतली, दुसऱ्या हातात लाल, पाणी शिंपडून दोन लाडू वळले आणि माझ्यासमोर खाली टाकले. काळा लाडू तसाच राहिला. लाल फुटून पसरला.

"बिटिया, मूंगफली माटी में घुसके फलत है. कारी माटी पकड़ लेत है, छोड़त नइयां. राकड़ ले जाओ."

राकड म्हणजे इथली लाल, खडबडीत माती. आमच्याकडे असल्या मातीला कुणी विचारत नाही. मी खट्टू होऊनच दोन पोती घेतली.

दिवाळीच्या आधी पहिलं रोप उपटलं, तर एका झटक्यात शेंगांनी लगडलेला अख्खा झुपका हातात. गच्चीवर एकटीच हसत सुटले.

मूठभर शेंगा कक्कांना नेऊन दिल्या. त्यांनी एकही फोडली नाही. टरफलावरची लाल धूळ अंगठ्याने चोळली, हुंगली, आणि शेजारच्या भाजीवालीला हाक मारून म्हणाले, "देखो, हमाए खेत की है."